वेग धरायचा की वेग अडवायचा?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. या व्यासपीठावरून इतिहासावर, संतवाङ्मयावर, शेतीवर मोठी माणसं बोलून गेली आहेत. मी इंजिनांच्या चाचण्या घेण्यात उमर घालवलेला माणूस आहे, तेव्हा माझ्याच कामातला विषय घेऊन आलो आहे.

हल्लीच्या बऱ्याच गाड्यांच्या स्टिअरिंगवर दोन सोयी असतात. एक क्रूझ कंट्रोल. आकडा ठरवा, पाय काढून घ्या, गाडी तो वेग धरून ठेवते. दुसरी स्पीड लिमिटर. यात पाय तुमचाच, रेस तुम्हीच द्यायची, पण ठरवलेल्या आकड्यापुढे गाडी जात नाही. कारमध्ये पेडल तळापर्यंत जोरानं दाबलं की हा अडसर सुटतो, म्हणजे ओव्हरटेक करताना माणूस अडकून पडू नये. ट्रक आणि बसला मात्र तो कायद्यानं बसवलेला असतो आणि सुटत नाही. आपले ड्रायव्हर त्याला गव्हर्नर म्हणतात. १ ऑक्टोबर २०१५ पासून नव्या व्यापारी वाहनांना तो ८० वर बांधला गेला, टँकर, डंपर आणि शाळेच्या बसना ६० वर.

आता प्रश्न असा, की या दोहोंपैकी तेल कशानं जास्त वाचतं? वेग धरून ठेवल्यानं, की वेग अडवल्यानं?

हा प्रश्न मला ट्रान्सपोर्टवाले विचारतात, नवी गाडी घेतलेली तरुण मंडळी विचारतात, आणि समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून तर फारच विचारतात. त्यात नवल काही नाही. आपण वापरतो त्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून येतं. एकटं डिझेल देशाला वर्षाला सुमारे ९ कोटी टन लागतं. मालवाहतुकीच्या धंद्यात सगळ्यात मोठा खर्च डिझेलचाच. एसटीच्या आगारात दर दहा लिटरला गाडी किती किलोमीटर गेली याचा हिशेब ठेवतात, तो काही हौस म्हणून नव्हे.

पहिला मुद्दा वाऱ्याचा. तो नीट समजला तर निम्मा प्रश्न सुटला.

साधारण बाराशे किलोची एक मध्यम आकाराची कार घ्या. सपाट रस्ता, हवा शांत. या गाडीला दोन गोष्टी मागे ओढतात, टायरचं घर्षण आणि समोरची हवा. टायरची ओढ सुमारे १३ किलोइतकी असते आणि वेग वाढला तरी ती फारशी वाढत नाही. हवेचं तसं नाही. ४० च्या वेगाला हवा साडेपाच किलोनं ओढते. ८० ला दुप्पट व्हावी असं आपल्याला वाटतं. ती दुप्पट होत नाही, चौपट होते, २२ किलो. १०० ला ३४. आणि १२० ला? ४९ किलो! वेग दुप्पट झाला की हवेची ओढ चौपट, हा निसर्गाचा नियम आहे. गाडी कोणत्या कंपनीची आहे हे तो विचारत नाही. साठ-पासष्टच्या आसपास हवा आणि टायर बरोबरीला येतात, आणि त्यापुढे चाकांपर्यंत पोहोचणारी निम्म्याहून जास्त ताकद हवा बाजूला सारण्यात जाते.

आता बेरीज करा. १०० ला एकूण ओढ ४७ किलो, १२० ला ६२. म्हणजे वेग वीस टक्के वाढला आणि ओढ बत्तीस टक्के वाढली. जास्त ओझ्याखाली इंजिन थोडं अधिक कार्यक्षम चालतं, म्हणून तेलाचा खर्च अगदी बत्तीस टक्के वाढत नाही. पाव हिस्सा वाढतो असं धरून चाला.

नागपूर ते शिर्डी हा समृद्धीचा पहिला टप्पा ५२० किलोमीटरचा. डिसेंबर २०२२ मध्ये तो सुरू झाला. तिथे कारला १२० ची परवानगी आहे. १२० नं हे अंतर चार तास वीस मिनिटांत होतं, १०० नं पाच तास बारा मिनिटांत. फरक बावन्न मिनिटांचा. शंभरच्या वेगाला तुमची गाडी लिटरला सोळा देत असेल, तर ३३ लिटरमध्ये शिर्डी येईल. १२० ला साधारण ४१ लिटर लागतील. आठ लिटर पेट्रोल, म्हणजे आठशे रुपयांच्या वर, बावन्न मिनिटांसाठी! ज्याला घाई आहे त्यानं जरूर द्यावेत. पण आपण काय देतो आहोत हे कळून तर द्यावेत.

यात मी क्रूझ कंट्रोलचं नावही घेतलेलं नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. कारण हवेला त्याच्याशी कर्तव्य नाही. पाय तुमचा असो की यंत्राचा, १२० म्हणजे १२०. क्रूझ कंट्रोल लावून १२० नं गेलेला माणूस, पाय जरा डुगडुगत असताना ९५ नं गेलेल्या माणसापेक्षा खात्रीनं जास्त पेट्रोल जाळतो. आणि होतं काय, की क्रूझ लावला म्हणजे आपण काटकसर करतो आहोत अशी समजूत होते, आणि रस्त्यावर परवानगी असलेला मोठ्यात मोठा आकडा लावून माणूस निश्चिंत बसतो.

मग क्रूझ कंट्रोल काहीच वाचवत नाही का? वाचवतो. इथे मला एका माणसाची गोष्ट सांगितली पाहिजे.

राल्फ टीटर हे अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातले अभियंते. जन्म १८९०. पाचव्या वर्षी अपघातात डोळे गेले. दोन्ही. तरीही त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून अभियांत्रिकीची पदवी घेतली. पहिल्या महायुद्धात विनाशिकांच्या टर्बाइनचे रोटर समतोल करण्याचं काम त्यांनी केलं, आणि ते केलं बोटांच्या स्पर्शानं. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या वाहन अभियंत्यांच्या संस्थेचे ते अध्यक्ष झाले. पिस्टन रिंग बनवणारी पर्फेक्ट सर्कल नावाची त्यांची कंपनी होती.

हे टीटर आपल्या वकिलाच्या गाडीतून जात. वकीलसाहेबांना एक खोड होती. बोलायला लागले की गाडी मंदावायची, ऐकायला लागले की वेग घ्यायची. डोळ्यांनी पाहणाऱ्याला असे हेलकावे जाणवतही नाहीत. टीटरना प्रत्येक हेलकावा अंगावर जाणवत असे. त्याच काळात दुसरं महायुद्ध चालू होतं. पेट्रोल आणि रबर वाचवण्यासाठी अमेरिकेनं देशभर ताशी ३५ मैलांची मर्यादा घातली होती, आपल्या हिशेबानं ५६ किलोमीटर. या दोन गोष्टींतून टीटर कामाला लागले आणि १९५० मध्ये त्यांना पेटंट मिळालं.

आता जरा लक्ष द्या, कारण आजच्या प्रश्नाचं मर्म इथे आहे. टीटरनी आधी जे यंत्र केलं ते वेग धरून ठेवणारं नव्हतंच! ड्रायव्हरनं आकडा ठरवायचा, आणि तो वेग आला की पेडल त्याच्या पायाला उलटं ढकलायचं. बस्स, आता पुढे नको, असं सांगायचं. म्हणजे ते लिमिटर होतं. पाय काढून घेतला तरी वेग टिकवणारं कुलूप त्यात नंतर आलं. १९५८ साली क्रायस्लरनं ते आपल्या महागड्या गाड्यांत बसवलं, पुढच्या वर्षी कॅडिलॅकनं त्याला क्रूझ कंट्रोल म्हटलं आणि तेच नाव रूढ झालं. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेनं पुन्हा मर्यादा घातली, ताशी ५५ मैल, आणि तेव्हा या यंत्राला खरी मागणी आली. ज्या दोन सोयींना आपण आज एकमेकींसमोर उभं करतो आहोत, त्या एकाच अंध माणसाच्या कार्यशाळेतून निघाल्या. एक दुसरीच्या आधी निघाली, आणि आधी निघाली ती अडवणारी. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. तेल वाचवण्याच्या त्या काळातून जे यंत्र निघालं, त्यानं पहिल्यांदा वेग अडवला.

पण वकीलसाहेबांची खोडही विसरून चालणार नाही, कारण तो आपला दुसरा मुद्दा आहे. हेलकाव्यांचा. कॅनडाच्या सरकारी ऊर्जा खात्यानं चाचण्यांच्या आधारे सांगितलं आहे, की दर १८ सेकंदांनी वेग ७५ आणि ८५ यांच्यात खालीवर करत राहिलं तर इंधन २० टक्क्यांपर्यंत जास्त लागू शकतं. सरासरी वेग तोच, ८०! रस्ता तोच, गाडी तीच. नुसत्या पायाच्या चाळ्यानं वीस टक्के. इतका चाळा आपल्यापैकी फार थोडे करतात, हेही खरं. पण मोबाइलवर बोलत गाडी चालवणाऱ्याच्या मागे पाच मिनिटं जाऊन बघा, म्हणजे टीटरना काय जाणवत होतं ते कळेल. तेव्हा सपाट, मोकळा, लांब रस्ता असेल, पाय थकला असेल, मन भरकटत असेल, तर क्रूझ कंट्रोल तेल वाचवतो यात शंका नाही. ज्याचा पाय मुळात शांत आहे, त्याला त्यातून मिळतात ते थोडे टक्के.

आणि आपला प्रदेश सपाट आहे का?

तुम्ही साताऱ्याची माणसं आहात. पुण्याहून येताना खंबाटकीचा घाट ओलांडल्याशिवाय घर येत नाही. तिसरा मुद्दा चढाचा, आणि भरलेल्या गाडीचा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्या राज्यातलं डिझेल इथे जातं.

चाळीस टन वजनाचा भरलेला ट्रक सपाट रस्त्यावर ८० नं चालला आहे. त्याला हवा साधारण १८० किलोनं ओढते, टायर २८० किलोनं. रस्त्याला नुसता एक टक्का चढ लागू द्या, शंभर मीटरला एक मीटर. डोळ्यांना दिसतही नाही असा चढ. ती एकटी ओढ ४०० किलोची! हवेपेक्षा जास्त, टायरपेक्षा जास्त. खोपोलीहून खंडाळ्याला चढताना हा ट्रक सुमारे पाचशे मीटर उंच जातो. नुसतं तेवढं वजन वर उचलायला चौदा-एक लिटर डिझेल लागतं, चालण्याचा खर्च वेगळा.

साध्या क्रूझ कंट्रोलला हे काही माहीत नसतं. त्याला फक्त आकडा माहीत. चढ लागला, वेग एक-दोननं उतरला, की तो रेस वाढवतो, आणखी वाढवतो, माथ्याच्या वीस पावलं अलीकडेही पूर्ण ताकद लावून आकडा गाठायचा प्रयत्न करतो. आणि लगेच पलीकडे उतार. विकत घेतलेला वेग तिथे ब्रेकमध्ये जाळावा लागतो. जाणता ड्रायव्हर असं करत नाही. चढाला वेग पडला तर पडू देतो, जसा सायकलवाला माथा जवळ आला की पायडल मारणं सैल सोडतो, आणि उतारानं पुन्हा वेग घेऊ देतो. यंत्राला ही नजर द्यायची म्हणून २०११-१२ च्या सुमारास स्कॅनिया आणि डाइमलर यांनी पुढच्या रस्त्याचे चढउतार नकाशावरून ओळखणारा क्रूझ कंट्रोल ट्रकमध्ये आणला. त्यातून सुमारे तीन टक्के डिझेल वाचतं असं त्या कंपन्यांचं म्हणणं होतं. तीन टक्के! उपग्रह, नकाशे, संगणक एवढं सगळं करून. जुन्या ड्रायव्हरच्या नजरेची किंमत यावरून ओळखा.

घाटात लिमिटर काय करतो? काहीच नाही. भरलेली गाडी चढावर ८० ला जातच नाही, मग अडवणार काय? पण तो नुकसानही करत नाही. पाय ड्रायव्हरचा, नजर ड्रायव्हरची. आणि सपाटीला एक गंमत होते. गव्हर्नर लावलेल्या ट्रकचा ड्रायव्हर पेडल तळाशी दाबून बसतो आणि गाडी ८० धरून चालते. म्हणजे लिमिटरच क्रूझ कंट्रोलचं काम करू लागतो. उलटं मात्र होत नाही. क्रूझ कंट्रोलला लिमिटरचं काम सांगता येत नाही, कारण पायानं रेस दिली की तो निमूटपणे पुढे जाऊ देतो.

घाटाचा विषय निघाला आहे तर उताराबद्दल बोलतो, आणि हे कळकळीनं बोलतो. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची, काही जण इंजिनही बंद करतात. बोरघाटात हे चालतं. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर हे चालतं. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका ट्रकनं काही क्षणांत अनेक गाड्यांना धडक दिली, ते तुमच्यापैकी अनेकांनी टीव्हीवर पाहिलं असेल. पोलिसांच्या तपासात पुढे आलं ते हेच, न्यूट्रल. आणि त्यात वाचतं काय? आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना पाय उचलला की इंजेक्टर डिझेल सोडणं बंदच करतात. चाकं इंजिनाला फिरवतात, खर्च शून्य. न्यूट्रलमध्ये टाकलं की इंजिन चालू ठेवायला उलट डिझेल लागतं. म्हणजे ज्या बचतीसाठी माणसं मरतात ती बचत अस्तित्वातच नाही. तुमच्या घरचा, गल्लीतला, गावचा कोणी ट्रक चालवत असेल, तर बाकी व्याख्यान विसरा, एवढं त्याला सांगा.

चौथा मुद्दा ब्रेकचा. याकडे आपलं लक्षच जात नाही, कारण तेल खर्च होतं ते रेस देताना दिसतं. ब्रेक दाबताना ते आधीच गेलेलं असतं. तो चाळीस टनी ट्रक ८० वरून ४० वर आणला आणि पुन्हा ८० वर नेला, की त्या एका ब्रेकची किंमत अर्धा लिटर डिझेल. ब्रेक एक, लिटर अर्धा! कारला हेच १०० वरून ६० वर येण्यात तीसएक मिलिलिटर पेट्रोल जातं, तीन रुपये. दर दोन किलोमीटरला कोणीतरी लेन सोडून आडवा येतो अशा रस्त्यावर तुम्ही क्रूझ लावून बसलात, तर काय होतं? समोरची गाडी शंभर मीटरवर येईपर्यंत यंत्र १०० नं धावत राहतं, मग तुम्ही ब्रेक मारता, मग पुन्हा आकडा लावता. पाय तुमचा असता तर तीनशे मीटर अलीकडेच उचलला गेला असता. रडार लावलेला क्रूझ अंतर राखतो, पण ट्रकच्या पुढे काय चाललं आहे ते त्यालाही दिसत नाही. तुम्हाला दिसतं.

लिमिटरची एक खोट इथे सांगितली पाहिजे. दोन ट्रक, दोन्ही ८० वर बांधलेले, पण एकाचं ८० दुसऱ्याच्या ८० पेक्षा रतीभर जास्त. तो ओव्हरटेकला निघतो. दोन-दोन किलोमीटर दोघे शेजारी चालतात आणि मागे पंचवीस गाड्या ब्रेक मारतात. ट्रकनं वाचवलेलं तेल मागच्यांनी जाळलं. युरोपात १९९२ मध्ये जड वाहनांसाठी लिमिटरचा नियम झाला, तिथेही हे दुखणं आहेच. त्यावर उपाय यंत्राचा नाही, लेनच्या शिस्तीचा आहे.

आणखी एक गोष्ट. आपल्या पुण्यात वेताळ टेकडीवर गाड्यांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था आहे. गाडीच्या माहितीपत्रकावर जो मायलेजचा आकडा असतो तो ज्या चाचणीतून येतो, त्या चाचणीत गाडी ९० च्या वर जातच नाही. कितीतरी लोक १२० नं जाऊन येतात आणि म्हणतात, कंपनीनं फसवलं, बावीस सांगितलं होतं, बारा मिळतात. कोणी फसवलेलं नाही. तो आकडा ज्या वेगाचा आहे त्या वेगानं आपण गेलोच नाही. डेहराडूनच्या पेट्रोलियम संस्थेच्या चाचण्यांवरून आपल्याला कित्येक वर्षं सांगितलं जातं आहे, की ८० पेक्षा ४५ ते ५५ ला कार ४० टक्क्यांपर्यंत जास्त धावते. महायुद्धातल्या त्या ५६ च्या मर्यादेजवळ हा आकडा येतो. एक्स्प्रेस वेवर ५० नं जा असं मी म्हणणार नाही, तिथे ते धोक्याचं आहे. पण दिशा कोणती, ते कळलं.

तेव्हा निकाल मागणाऱ्यांना माझा निकाल असा. दोहोंपैकी एकच निवडायचं असेल तर लिमिटर, आणि तो खालच्या आकड्यावर. १२० चे १०० केले की पाचवा हिस्सा तेल वाचतं, आणि ते प्रत्येक किलोमीटरला वाचतं, पाय शांत असो वा नसो. क्रूझ कंट्रोलची बचत रस्ता सपाट असेल, गर्दी नसेल, आकडा शहाणपणाचा असेल, एवढ्या अटी पुऱ्या झाल्यावर मिळते. समृद्धीवर नागपूर ते शिर्डी या अटी बऱ्याच पुऱ्या होतात, तिथे जरूर लावा, ९० किंवा ९५ वर. खंबाटकीत, बोरघाटात, कसाऱ्याला, पावसात आणि गर्दीत तो बंद.

१ जुलै २०१९ नंतर बनलेल्या गाड्यांत ८० च्या वर गेलं की मिनिटामिनिटाला इशारा वाजतो, १२० च्या वर सतत वाजतो. तो कटकट करतो म्हणून काही जण गॅरेजमध्ये जाऊन काढून घेतात. कृपा करून काढू नका.

आणि माझ्यावर विश्वास ठेवून घरी जाऊ नका. पुढच्या लांबच्या प्रवासाला निघताना टाकी काठोकाठ भरा, आकडा ९० वर बांधा, पोहोचल्यावर पुन्हा काठोकाठ भरा आणि किती लिटर बसलं ते लिहून ठेवा. परतीला तुमच्या नेहमीच्या वेगानं या आणि निघालात त्या पंपावर तसंच भरून लिहून ठेवा. शक्यतो तेवढीच माणसं, तेवढंच सामान, एसीही तसाच, आणि चढउतार दोन्ही वाटांना सारखे नसतात म्हणून पुढच्या फेरीला क्रम उलटा करा. दोन्ही आकडे व्याख्यानमालेच्या कार्यालयात पोस्टकार्डावर कळवा. पुढच्या वर्षी मला इथे बोलावलंत, तर मी तुमचेच आकडे तुम्हाला वाचून दाखवीन.